टेबलाजवळची खुर्ची

स्नूकरचा खेळाडू आपली निम्मी कारकीर्द खुर्चीत बसून काढतो. कुस्तीत समोरचा मल्ल अंगाला भिडलेला असतो, त्याला ढकलता येतं. क्रिकेटमध्ये बाद झालेला फलंदाज निदान मैदान सोडून तंबूत जातो, पॅड काढतो, कुणाशी तरी चार शब्द बोलतो. इथे हात चुकला की क्यू मांडीवर आडवा घ्यायचा, पाण्याचा पेला जवळ ओढायचा आणि समोरचा आपल्याला कसा हरवतो आहे ते सरळ बसून बघायचं. त्याला अडवता येत नाही. तो नेम धरत असताना पाय हलवायचा नाही, खोकला आला तरी गिळायचा. त्याचा हात चुकेपर्यंत आपल्या हातांना काही काम नाही. वीस-तीस वर्षं टेबलापाशी उभा राहिलेला माणूस जवळजवळ तेवढीच वर्षं टेबलापासून चार पावलांवर असा बसलेला असतो, आणि त्या बसण्याची नोंद कुठल्याही वहीत होत नाही.

बिलियर्ड्समध्ये तर हे बसणं आणखी क्रूर. टेबल तेच, बारा फूट बाय सहा फूट. चेंडू मात्र तीनच. दोन्ही खेळाडूंचा एकेक आणि तिसरा तांबडा. चांगला खेळाडू हे तीन चेंडू एकमेकांपासून लांब जाऊच देत नाही. हळू, फार हळू, एकाला दुसऱ्याचा स्पर्श घडवत तो शेकडो गुण करत जातो. १९३२च्या जानेवारीत लंडनच्या थर्स्टन्स हॉलमध्ये ऑस्ट्रेलियाचा वॉल्टर लिंड्रम असाच उभा राहिला आणि त्याने एकदाही हात न चुकता ४,१३७ गुणांचा ब्रेक केला. जवळपास तीन तास लागले. लिंड्रमचा आकडा पुस्तकांत आहे. माझं मन मात्र त्या तीन तासांत खुर्चीत बसलेल्या जो डेव्हिसपाशी जातं. इंग्लंडचा तो मोठा खेळाडू, स्वतःच्या देशात, स्वतःच्या लोकांसमोर, हातात क्यू घेऊन नुसता बसून होता. त्याच डेव्हिसने स्नूकरला नावारूपाला आणलं. १९२७ ते १९४६, मधली युद्धाची वर्षं वगळता, व्यावसायिक जगज्जेतेपद पंधराही वेळा त्याच्याचकडे राहिलं. बिलियर्ड्सच्या महान खेळाडूंनी आपला खेळ इतका निर्दोष केला की लोकांना तो बघवेना. चूकच होत नाही त्या खेळात दुसऱ्याची पाळी येत नाही. निर्दोषपणाने एखादी कला संपू शकते ही गोष्ट मला आजही दुखावते.

बिलियर्ड्सचे विल्सन जोन्स गेले त्याला वीस वर्षं उलटून गेली. ५ ऑक्टोबर २००३, मुंबई, वय ८१. त्यांच्यासाठी मराठीत कुणी फारसं रडलं नाही. ते पुण्यात जन्मले, त्यांचं खेळाडूपण मुंबईत बहरलं, आणि कुठल्याही वैयक्तिक खेळात भारताला मिळालेलं पहिलं जगज्जेतेपद त्यांच्या हातून आलं. तरीही मराठवाड्यातल्या कुठल्याही शाळेत आठवीच्या वर्गाला हे नाव विचारा, एकही हात वर होणार नाही. खाशाबा जाधवांच्या वाट्यालाही अशीच उपेक्षा आली होती. १९५२ला हेलसिंकीहून कांस्यपदक आणणाऱ्या त्या मल्लाला अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर सोळा-सतरा वर्षांनी. पण खाशाबांना निदान गोळेश्वर होतं, तांबडी माती होती, आठवण जपणारी तालमीतली माणसं होती. जोन्स अँग्लो-इंडियन. त्यांचा समाज आधीच थोडका, त्यातले कितीतरी जण स्वातंत्र्यानंतर देशच सोडून गेले. मागे राहिलेल्या माणसाचा खेळ होता बंद दारांच्या क्लबांमधला, हिरव्या दिव्यांखालचा, टाळ्याही जपून वाजवायच्या असा. अशा माणसाची आठवण गावाने कुठे ठेवायची?

त्यांचा जन्म २ मे १९२२चा. पुणे तेव्हा छावणीचं शहर होतं, आणि हा खेळ छावण्यांमध्येच वाढला. १८७५मध्ये जबलपूरच्या छावणीत, पावसाच्या कंटाळवाण्या दिवसांत, नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने तांबड्या चेंडूंच्या खेळात आणखी रंगीत चेंडू मिसळले आणि स्नूकर जन्माला आलं असं मानतात. (पुढे पंतप्रधान झालेला चेंबरलेन वेगळा, हा सैनिक.) उटीच्या क्लबात त्याला नियम मिळाले. म्हणजे आज शेफील्डच्या क्रुसिबल थिएटरात जे खेळतात, टीव्हीवर कोट्यवधी लोक जे बघतात, ते आपल्या पावसाळ्याचं देणं आहे. आमच्या जालन्यालाही छावणी होती. २३ सप्टेंबर १८०३ला असईला इंग्रजांकडून मराठी फौजेचा पराभव झाला. ते गाव आज आमच्याच जिल्ह्यात आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात निजामाच्या नावाच्या आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमातल्या पलटणी जालन्यात तळ देऊन राहिल्या. कुंडलिकेला पूर आला, रस्ते चिखलात गेले की त्या अधिकाऱ्यांनी संध्याकाळी काय केलं असेल याचा मी पुष्कळदा विचार करतो.

साहेब खेळायचे तेव्हा भिंतीशी एक देशी माणूस उभा असायचा. तो गुण सांगायचा, पॉकेटात पडलेले चेंडू काढून जागेवर ठेवायचा, क्यूच्या टोकाला नवं चामडं बसवायचा, सकाळी कापडावर ब्रश फिरवायचा आणि मग इस्त्री. ब्रशही वाटेल तसा फिरवून चालत नाही. कापडाला लव असते, ती एकाच दिशेला बसवावी लागते, नाहीतर हळू मारलेला चेंडू वाट सोडून सरकतो. या माणसाला मार्कर म्हणत, आजही म्हणतात. क्लबाच्या सभासदाला जे कोन दहा वर्षांत कळत नसत ते मार्करला पाठ असत. साहेब घरी गेल्यावर दिवे मालवायच्या आधी तो दोन-चार फटके मारून घेत असे. असे किती गेले असतील! त्यांच्यातला कुणी जगज्जेता होऊ शकला असता की नाही हे आता कळायला मार्ग नाही. खेळाडूला खुर्ची तरी होती, मार्करला तीही नव्हती.

जोन्स हौशी खेळाडू होते. त्या काळी भारतात या खेळावर चूल पेटत नव्हती. दिवसा नोकरी आणि उरलेल्या वेळात टेबल. १९४८मध्ये ते स्नूकरचे राष्ट्रीय विजेते झाले, तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. १९५०मध्ये बिलियर्ड्सचं राष्ट्रीय विजेतेपद आलं. १९६६पर्यंत बिलियर्ड्सचा हा मान त्यांनी एकूण बारा वेळा मिळवला, स्नूकरचा पाच वेळा. आकडे वाचताना चढती कमान दिसते. पण बारा वेळा जिंकायला किती वेळा हरावं लागतं, किती वेळा आपल्याहून लहान मुलाचा ब्रेक संपायची वाट बघत बसावं लागतं, ते या आकड्यांत नाही.

मग १९५८. कलकत्त्याचं ग्रेट ईस्टर्न हॉटेल. इंग्रजांनी आपल्या राजधानीत बांधलेल्या त्या जुन्या हॉटेलात हौशी बिलियर्ड्सची जागतिक स्पर्धा भरली होती. स्वातंत्र्याला अकरा वर्षं झाली होती. समोर लेस्ली ड्रिफिल्ड होता, सहा वर्षांपूर्वी याच कलकत्त्यात जगज्जेता झालेला इंग्रज खेळाडू. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं अशी स्पर्धा; म्हणजे एक दिवस चांगला गेला म्हणून भागत नाही, आठवडाभर रोज तास न् तास टेबलापाशी वाकायचं आणि रोज तितकंच बसायचं. छत्तीस वर्षांचे जोन्स पहिले आले. ज्या खेळात आपल्या माणसाने आजवर चेंडू उचलून जागेवर ठेवायचं काम केलं होतं, त्या खेळाचं जगज्जेतेपद हिंदुस्थानातच, हिंदुस्थानी माणसाकडे राहिलं. मला तो दिवस मोठा वाटतो. शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात जावा इतका मोठा.

सहा वर्षांनी, १९६४मध्ये, न्यूझीलंडमध्ये ते पुन्हा जिंकले. वय बेचाळीस. आमच्याकडे १९६४ म्हटलं की माणसं महिकोची आठवण काढतात, त्या साली जालन्यात सुरू झालेल्या बियाण्यांच्या कंपनीची; आणि ते योग्यच आहे, त्या बियाण्याने शेतकऱ्याच्या घरात धान्य आलं. त्याच साली जगाच्या दुसऱ्या टोकाला एक मध्यमवयीन मुंबईकर तीन चेंडू एकमेकांजवळ राखत उभा होता, आणि त्याच्या त्या राखण्यातून कुणाचंही पोट भरणार नव्हतं. तरीही त्यानं ते तितक्याच निष्ठेनं केलं. मी या निष्ठेपुढे वाकतो.

लांबून हा खेळ सोपा, आरामाचा वाटतो. घाम नाही, धावणं नाही. पण क्यू हनुवटीला घासत जाईल इतकं खाली वाकून, एक पाय ताठ ठेवून, मान वर उचलून समोर बारा फुटांवर बघायचं, हे एका संध्याकाळी दोनशे वेळा करून पाहावं. मान आणि कमर आधी बोलायला लागतात. मग गुडघा. डोळे सगळ्यात शेवटी जातात, पण गेले की उपाय नाही, कारण साध्या चष्म्याची चौकट नेमकी नजरेच्या आड येते. जो डेव्हिसचा धाकटा भाऊ फ्रेड याने कलत्या भिंगांचा चष्मा करून घेतला होता, वाकल्यावरही काचेतूनच दिसावं म्हणून. तो चष्मा लावून तो जगज्जेता झाला. १९७८मध्ये, चौसष्टाव्या वर्षी, तो जागतिक स्पर्धेच्या उपांत्य फेरीत होता. सत्तरीत क्रुसिबलच्या टेबलावर पुन्हा उतरला. शेवटी गुडघ्याने त्याला थांबवलं. लांबच्या चेंडूसाठी टेबलाच्या कडेवर पाय टेकवावा लागतो, तो पाय वर जाईना. साठ वर्षांहून अधिक काळ खेळलेल्या माणसाची कारकीर्द कशाने संपावी, तर एका पायाची उंची कमी पडली म्हणून.

जोन्सही थांबले. शेवटचं राष्ट्रीय विजेतेपद १९६६चं. चव्वेचाळिसाव्या वर्षी, अजून जिंकत असताना. त्यांनी मनाशी काय म्हटलं असेल हे सांगणारा मी कोण? पण एवढं दिसतं की ते टेबल सोडून गेले नाहीत. पुढची वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या खेळाकडे बघण्यात घालवली, शिकवण्यात. खुर्चीची सवय त्यांना आयुष्यभर होतीच. आता त्या खुर्चीत बसून दुसऱ्याने जिंकावं असं मनापासून वाटणं तेवढं नवीन होतं. अर्जुन मिळाला, १९६५ला पद्मश्री मिळाली, आणि १९९६मध्ये, खेळणं थांबवून तीस वर्षं होत आली तेव्हा, द्रोणाचार्य. तिन्हींमधला शेवटचा मला सर्वांत जवळचा वाटतो. पहिले दोन हाताला दिले गेले, हा नजरेला.

मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात एका दालनाला त्यांचं नाव आहे, विल्सन जोन्स हॉल. तिथे आजही स्पर्धा होतात. मुंबईत या खेळाची एक परंपराच उभी राहिली. मायकल फरेरांनी १९७७, १९८१ आणि १९८३ अशी तीनदा बिलियर्ड्सची हौशी जगज्जेतेपदं आणली. ओम अगरवाल १९८४मध्ये डब्लिनला वेल्सच्या टेरी पार्सन्सला हरवून हौशी स्नूकरचे जगज्जेते झाले, स्नूकरमधले पहिले भारतीय. १९९४मध्ये ते गेले. चाळिशीही धड पाहिली नाही. लांब कारकिर्दीचे गोडवे गाताना मला नेहमी ओम अगरवालांपाशी अडखळायला होतं. म्हातारपण, दुखरी मान, कलत्या भिंगांचा चष्मा, हे सगळं भाग्यवंताच्या वाट्याला येतं. त्यांच्या वाट्याला ते आलं नाही.

नंतरच्या पिढीला व्यावसायिक होण्याची वाट खुली झाली, पण ती इंग्लंडातून जात होती. यासिन मर्चंट १९८९ आणि २००१ असे बारा वर्षांच्या अंतराने आशियाई विजेते झाले. मधल्या वर्षांत व्यावसायिकांच्या जगात जाऊन आले. मुंबईचा आदित्य मेहता २०१३मध्ये दिल्लीतल्या इंडियन ओपनच्या अंतिम फेरीत पोचला, चीनच्या डिंग जुनहुईकडून एकही फ्रेम न जिंकता हरला. पुढच्या वर्षी जर्मनीत त्याने १४७चा पूर्ण ब्रेक केला. पंधरा तांबडे, पंधरा काळे, मग सगळे रंग, एकही चूक नाही. त्यानंतर मानेच्या दुखण्याने त्याला गाठलं. पुण्यातच जन्मलेला पंकज अडवाणी २०१२मध्ये व्यावसायिक झाला आणि दोन मोसमांनी व्यावसायिक स्पर्धांचं कार्ड सोडून परत आला. परक्या देशात, लहान हॉलमध्ये, सकाळी दहाला सुरू होणाऱ्या पात्रता फेऱ्यांत आयुष्य घालवायचं की घरी राहून तीन चेंडूंचा जुना खेळही जपायचा, यातलं दुसरं त्याने निवडलं. लोकांनी त्यावर वाद घातले. मला त्याचं परतणं पटतं. त्याच्यामुळे बिलियर्ड्स आपल्या देशात अजून जिवंत आहे. जिथे या खेळाचा जन्म झाला त्या इंग्लंडात तो आता मूठभरांचा उरला आहे.

जोन्स साहेब, तुम्हाला मी कधी खेळताना पाहिलं नाही. जालन्याहून तेव्हा मुंबईच्या क्लबाचं दार फार लांब होतं, आणि आमच्यासारख्यांना ते उघडलंही नसतं. तुमचा खेळ मी आकड्यांतून ओळखतो, आणि आकडे तर मार्करने मांडलेले असतात, पाटीवर, दुसऱ्या दिवशी पुसायचे. तरी तुमच्या जाण्याचं मला वाईट वाटतं. पाळी नसताना स्वस्थ बसता येणं ही तुमच्याकडून शिकण्यासारखी गोष्ट होती, आणि ती शिकवणारी माणसं कमी होत चालली आहेत.

आमच्या गावात आता पहिल्या मजल्यावर, खाली हार्डवेअरचं दुकान असलेल्या जागेत, स्नूकरचं एक पूर्ण मापाचं टेबल आहे. तासावर पैसे. स्टीलच्या कारखान्यांतून पाळी संपवून आलेली पोरं असतात, क्लासला दांडी मारलेली असतात. उन्हाळ्यात धूळ इतकी की संध्याकाळपर्यंत पांढऱ्या चेंडूला रंग चढतो. एका कोपऱ्यात कापड फाटलंय, तिथे चिकटपट्टी आहे, आणि नेहमीची पोरं त्या पट्टीचा हिशेब धरून नेम घेतात. खुर्च्या प्लॅस्टिकच्या. पाळी नसलेला पोरगा खुर्चीत बसला की लगेच मोबाइल काढतो. त्याला मी दोष देत नाही. इतकं नुसतं बसणं त्याला कुणी दाखवलेलंच नाही.

परवा पाऊस होता, दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा दोघा पोरांना मी विल्सन जोन्स सांगितले. पुण्याचे, म्हणून त्यांनी ऐकून घेतलं. कलकत्ता, १९५८, बारा वेळा राष्ट्रीय विजेते.

"पण काका, तीन बॉलमधी खेळावं काय?" एकानं विचारलं. "पंधरा रेड तर पाहिजेनच की."

मी तांबडे चेंडू गोळा करून खोक्यात टाकले, एक ठेवला. पांढरा त्याला दिला, पिवळा दुसऱ्याला. आपल्या चेंडूने दोन्ही चेंडूंना शिवायचं, दोन गुण. तांबड्याला शिवून आपला चेंडू पॉकेटात गेला तर तीन, तांबडा गेला तरी तीन. आणि गुण होत राहिले तर थांबायचं नाही, खेळतच राहायचं.

पहिल्याने अकरा केले आणि चुकला. दुसरा वाकला. पहिला खुर्चीत बसला, मोबाइल काढला, आणि पिवळा चेंडू कुशनला लागून तांबड्याकडे वळताना पाहून तसाच हातात धरून राहिला. "आयला," तो म्हणाला, "हे लागतंय का काय?"

लागला. दोन गुण मी पाटीवर लिहिले.